घाण्याच्या अप्पांचं नाक

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात तेलात होते. मी नांदेडला लेकीकडे गेले होते. नातीला मुलगी झालेली. त्या बाळाला पायांवर पालथं घालून आंघोळीआधी चोळत होते आणि मागे पलंगावर फोन वाजत होता. तेलाच्या हातानं फोन उचलला की निसटतो, हे एक फोन फरशीवर फोडून मी शिकलेली आहे, म्हणून वाजू दिला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा लेकीनं घेऊन माझ्या कानाला लावला. लातूरहून आमचे हे बोलत होते. "अप्पा गेले," म्हणाले. "चहा मागितला, मी आत जाऊन कप घेऊन आलो, तोवर..." अप्पा म्हणजे माझे सासरे. वय त्र्याण्णव. निघताना त्यांनीच करडईच्या तेलाची बाटली माझ्या पिशवीत घातली होती आणि बजावलं होतं, "चोळल्यावर पोरगी किती येळ झोपली ते कळव." त्या दिवशी आंघोळ झाली की कळवणारच होते. आता कुणाला कळवायचं, हाच विचार पहिल्यांदा आला, आणि मग रडू आलं. पण बाळाची पाठ चोळून झाली होती, पाय राहिले होते. रडत रडत पाय चोळले आणि मगच उठले. अर्धवट चोळलेलं पोर खाली ठेवून गेले असते तर अप्पा तिथूनही रागावले असते.

त्यांना जाऊन आता दीड महिना होतोय. भेटायला येणारी माणसं अजून येतात, आणि गंमत अशी की रडायला म्हणून आलेली माणसं हसत परत जातात. प्रत्येकाकडे अप्पांचा आणि तेलाचा एक तरी किस्सा असतोच. सगळ्यांचे ऐकून झाले, आता माझा सांगते.

आमचं सासर जळकोटचं, लिंगायत तेल्यांचं. अप्पांचा बैलावरचा लाकडी घाणा होता. माझं माहेर भोकर. लग्न ठरलं ते बहात्तरच्या दुष्काळात, म्हणजे विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरायच्या दिवसांत. हळदीला नवऱ्या मुलाकडून तेल यायचं असतं, आणि मुलगा तर घाणेवाल्याचा! माझ्या आत्यानं अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं की आता बघा, तेलाचे डबे येतात. हळदीच्या दिवशी अप्पा एकटेच आले, मांडीवर एक पत्र्याची बुधली धरून. ती उघडली तर तळाशी जेमतेम वाटीभर तेल. आत्याचं तोंड बघण्यासारखं झालं. अप्पा ओशाळले बिलकूल नाहीत. ओसरीवर बसून त्यांनी हिशेब सांगितला, पैशाचा नव्हे, तेलाचा. जळकोटहून निघाले तेव्हा बुधली गच्च भरलेली होती. एसटीत शेजारी एक बाळंतीण होती, लेकराची टाळू कोरडी ठाक पडलेली, तिला पळीभर दिलं. तेलाचा वास सुटल्यावर मागच्या बाकावरचा म्हातारा कानाला मागायला आला. एकीच्या टाचा इतक्या भेगाळल्या होत्या की रक्त निघत होतं. एकाच्या देवापुढे महिनाभर दिवा नव्हता. मधे एसटीचं दार अडकलं, ड्रायव्हरनं त्याच्या बिजागरीला मागितलं. नांदेडला गाडी बदलली, तिथल्या गाडीत पुन्हा तेच. "दुस्काळात माणूस पान्याला न्हाई म्हनंल," अप्पा म्हणाले, "पर तेल दिसत असताना मागितल्यावर तेल्यानं न्हाई म्हनू ने. तुमच्या पोरीच्या हळदीला आख्खी येष्टी येऊन गेली समजा." माझे वडील इतके हसले की शेवटी आत्यालाही हसावं लागलं. त्या वाटीभर तेलात मला हळद लागली. गालांना पुरली, हातांना पुरली नाही.

सासरी आले तेव्हा घाणा बंद पडायला आला होता. करडई पिकलीच नव्हती, गाळणार काय? बैल अप्पांनी किनवटकडच्या पाहुण्यांकडे पाठवून दिला होता, तिकडे रानात निदान पाला तरी होता. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच वारलेल्या. हे उदगीरला तहसिलीत कारकून, शनिवारी रात्री यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. बाकीचे दिवस घरात मी अठरा वर्षांची आणि अप्पा. सकाळी ते खडी फोडायच्या कामावर जायचे आणि दुपार कलली की परत येऊन घाण्याच्या खोलीत बसायचे. जन्म ज्या वासात काढला तो वास त्या खोलीतून उडत चालला होता, आणि त्यांना तो पाहिजे होता. मग त्यांनी एक खेळ काढला. घरात उरलीसुरली तेलं होती, तीळ, जवस, करडई, कारळ, शेंग, एरंडी. ती सहा झाकणांत थेंबथेंब ओतायचे, मला डोळ्यांवर पदर धरायला लावायचे आणि विचारायचे, "हे कोन्तं?" पहिल्या दिवशी मी एरंडीचं तेल तिळाचं म्हणून सांगितलं आणि अप्पांनी कपाळावर हात मारला. "भोकरच्या पोरी नाकं घरीच ठिवून येतेत का काय?" पण चिकाटी त्यांची. थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचा, दुसऱ्या बोटानं चोळायचा, ऊब आली की हुंगायचा आणि मग जिभेच्या टोकावर. आधी जीभ लावली की नाक आळशी होतं, म्हणायचे. चार-सहा महिन्यांत मला तेल ओळखता यायला लागलं, ताजं कोणतं, मागच्या सालचं कोणतं, बी ओलं असताना गाळलंय की करपवून. सासऱ्यानं सुनेला दुष्काळात काय दिलं असं कुणी विचारलं तर मी सांगते, नाक दिलं.

दुष्काळ सरला, पण घाणा पुन्हा फिरला नाही. तोवर गिरण्यांचं तेल गावोगाव पोचलं होतं, रेशनवरही मिळायला लागलं होतं. बैल किनवटलाच म्हातारा झाला. अप्पांनी दोन-तीन वर्षं वाट बघितली, मग घाण्याचं लाकूड एका मठाला देऊन टाकलं. पुढे लातूर जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या, नव्या बदल्या. ह्यांना तिकडची ऑर्डर आली आणि आम्ही पोराबाळांसकट लातूरला दोन खोल्यांत येऊन पडलो. अप्पांना वाटलं होतं, इथं आपल्याला कोण ओळखतंय. पण झालं उलटंच. आमच्या त्या वस्तीत कुणी निलंग्याचं, कुणी औशाचं, कुणी अहमदपूरचं, सगळे आपापल्या गावच्या तेल्याकडून तेल घेणारे, आणि इथे दुकानातल्या डब्यावर कुणाचाच विश्वास नाही. एका बाईनं एकदा सहज अप्पांना तेल दाखवलं. त्यांनी नखावर घेतलं आणि म्हणाले, "ह्याच्यात सरकीचं हाय. वापस करा." दुकानदारानं मुकाट बदलून दिलं. झालं! महिन्याभरात आमच्या दारात वाट्या घेऊन बायका उभ्या राहायला लागल्या. आवळ्याच्या तेलापासून सांधेदुखीच्या तेलापर्यंत काहीही. शिलाई मशीनचं तेलसुद्धा एकीनं आणलं होतं, अप्पांनी तेही मनापासून हुंगलं. खाटेवर बसून, पांढरं धोतर, कपाळाला विभूती, "हं, आना" म्हणायचे तेव्हा नवा कलेक्टर आमच्याच घरी राहायला आलाय असं वाटायचं. मला फार बरं वाटायचं त्यांच्याकडे बघून. घाणा गेला, बैल गेला, गाव सुटलं, पण हा मान परत मिळाला होता.

लातूरच्या दुसऱ्या हिवाळ्यात अप्पांना पडसं झालं. साधंच, पण महिनाभर हललं नाही. ते बरे झाले आणि उन्हाळ्यात शेजारच्या मथुराकाकू लोणच्याचं तेल दाखवायला आल्या. मथुराकाकू म्हणजे वस्तीचं वर्तमानपत्र. त्यांना कळलं ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळायचं. अप्पांनी नेहमीसारखं नखावर घेतलं, चोळलं, हुंगलं, चाखलं. म्हणाले, "बेस्ट. घाला लोणचं." काकू किटली आत ठेवायला माझ्या हातात देऊन अप्पांशी बोलत बसल्या. मी आत आले आणि थबकले. किटलीतून खवट वास येत होता, शिकलेल्या नाकालाच कळेल असा. दहा किलो कैऱ्या फोडून ठेवल्या होत्या काकूंनी. हे तेल पडलं असतं तर आषाढ लागायच्या आत लोणचं गेलं असतं, आणि त्याच्याबरोबर अप्पांचं नाव. मी फार विचार केला नाही. आमच्या डब्यातलं चांगलं तेल त्यांच्या किटलीत ओतलं आणि त्यांचं खवट आमच्या डब्यात. काकू खुशीत गेल्या. त्या खवट तेलाचं मग मी वर्षभर काय काय केलं म्हणून सांगू! दारांच्या बिजागऱ्यांना घातलं, रहाटाला घातलं, सायकलीच्या चेनीला, पाट्या-वरवंट्याच्या लाकडी पाटाला, कुलपांना, शिवाय शेजाऱ्यांच्या कुलपांना. हे एकदा म्हणाले, "आपल्या घरात चोर आला तर कळायचंसुद्धा नाही, काहीच वाजत नाही."

मला वाटलं, एखाद्या दिवशी होतं चुकून. पण तीन-चार दिवसांनी दुपारी स्वयंपाकघरात गेले तर अप्पा खाली बसलेले. पुढ्यात हिंगाची डबी, कापूर आणि रॉकेलची बाटली. हिंग नाकाशी नेला, ठेवला. कापूर नेला, ठेवला. रॉकेलच्या बाटलीचं बूच काढून इतक्या जवळ नेलं की मी घाबरून पुढे झाले. त्यांनी वर बघितलं. चोरी करताना सापडलेल्या माणसासारखा चेहरा झाला त्यांचा. "उंदरं झालेत," म्हणाले, "बगून राहिलो कायतरी." बूच लावलं आणि उठून गेले. घरात एकही उंदीर नव्हता. मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. ज्या माणसानं एवढा दुष्काळ हसत काढला, तो हिंगाच्या डबीपुढे भ्यालेला मी पाहिला होता. वास गेलाय हे त्यांनी कुणाला सांगितलं असतं तर फार काही बिघडलं नसतं, असं आपल्याला वाटेल. पण सांगितल्यावर ते कोण उरले असते? दोन खोल्यांत मुलाकडे राहणारा एक म्हातारा, बस. ते त्यांना कळत होतं आणि मलाही कळत होतं.

मग मीच एक युक्ती काढली. तेल घेऊन कुणी आलं की दारातच किटली घ्यायची. "वाटीत काढून देते अप्पांना," म्हणायचं, आत जाऊन आपण हुंगायचं. चांगलं असेल तर पितळेच्या वाटीत न्यायचं, भेसळीचं किंवा जुनं असेल तर स्टीलच्या. पहिल्या आठवड्यात अप्पांना काही उमगलं नसावं. पितळी वाटीतल्याला "बेस्ट" म्हणाले आणि स्टीलच्या वाटीतल्यालाही "बेस्ट" म्हणायला लागले, तेव्हा पुढच्या खेपेला मी स्टीलची वाटी त्यांच्या हातात देताना जरा घट्टच धरून ठेवली, सोडीचना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. वाटीकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे. आणि तेल घेऊन आलेल्या बाईला म्हणाले, "वापस करा हे." त्यानंतर एकदाही चुकले नाहीत. उलट त्यांना जोर चढला. पितळेची वाटी दिसली की नुसतं "चांगलंय" म्हणून थांबायचे नाहीत. "ही करडी मांजरा नदीकाठच्या काळ्या रानातली हाय. पेरणीला जरा उशीर झालाय, पर बी भरलंय." बायका तोंडावर हात ठेवायच्या. मी आत पदरात तोंड खुपसून हसायचे. रात्री जेवताना मी म्हणायचे, "अप्पा, उशिराच्या पेरणीचा वास कसा हो असतो?" ते भाकरी कुस्करत म्हणायचे, "नाकवाल्याला कळतंय ते. तू जेव." एवढंच. दोन वर्षं हे असं चाललं. मला माहेरी जायचं झालं तरी मी डोळ्यांत तेल घालून दिवस मोजायचे आणि चौथ्या दिवशी परत यायचे, कारण मी नसताना कुणी किटली आणली की अप्पा खाटेवर पाय घेऊन "आज अंगात कसर हाय" म्हणून चादर ओढून घ्यायचे.

आणि मग ते उद्घाटन आलं. गंज बाजारातल्या एका व्यापाऱ्यानं तेलाची नवी गिरणी काढली. जिल्ह्याचं ठिकाण झालेलं, रोज काहीतरी नवं उघडत होतं. त्यानं अप्पांना पाहुणे म्हणून बोलावलं. नारळ वाढवायचा, पहिल्या धारेचं तेल चाखायचं आणि चार शब्द बोलायचे. जुन्या घाणेवाल्यानं नव्या गिरणीचं तेल पास केलं म्हणजे जाहिरातच. नको म्हणायला अप्पांना कारण सापडेना. मी त्यांना पितळेची वाटी खिशात घालून न्यायला सांगणार होते, पण त्यानं काय होणार? हुंगणार कोण? बायका मांडवाच्या एका बाजूला, पार मागे. सनई वाजली, हार झाले, धार सुरू झाली, आणि मालकानं स्वतः तेल आणलं... चिनी मातीच्या बशीत. अप्पांनी बशी हातात घेतली. अंगठ्याच्या नखावर थेंब घेतला, चोळला, नाकाशी नेला. दोनेकशे माणसं बघत होती. माईक तोंडापुढे धरलेला. अप्पांची नजर माणसांवरून फिरत फिरत बायकांच्या बाजूला आली आणि माझ्यावर थांबली. "बेस्ट" म्हणून टाका अप्पा, मी मनात म्हणत होते, समारंभाचं तेल आहे, कोण खराब देईल? तेवढा एकच शब्द बोलले असते तर सगळं निभावलं असतं.

अप्पांनी बशी खाली ठेवली. "मालक," ते माईकमध्ये म्हणाले, "मला ह्याचा वास येऊन नाही राहिला. दोन वर्सं झाली, मला कशाचाच वास येत न्हाई. नाक गेलं माझं." कुणीतरी हसलं, गंमत करताहेत समजून. अप्पा थांबले. मग म्हणाले, "आमच्या घरात नाक हाय ते सुनंचं. ह्या दोन वर्सांत मी जेवढं खरं सांगितलं ते तिनं सांगितलेलं हाय. ती पल्याड बसली, हिरव्या पातळातली. तिला इचारा." दोनशे माना माझ्याकडे वळल्या. मथुराकाकूंनी मला कोपरानं ढोसलं, "ऊठ की बाई!" डोक्यावरचा पदर सावरत पुढे गेले, बशी घेतली. अप्पा शेजारी उभे राहून हळूच म्हणाले, "आधी जीभ लावू नको." मी नखावर घेतलं, चोळलं, हुंगलं. तेल स्वच्छ होतं, पण मागे एक करपट छटा होती. मालकाचा हार घातलेला चेहरा समोर, आणि मला खोटं बोलायचं जिवावर आलं, कारण शेजारच्या माणसानं आताच एवढं मोठं खरं सांगितलं होतं. म्हटलं, "तेल चोख आहे. पण बी जरा जास्त तापलंय." मालक गोरामोरा झाला. मागून यंत्रावरचा मिस्त्री मात्र ओरडला, "मी सकाळपासून हेच बोंबलतोय मालक!" अख्ख्या मांडवात हशा पिकला. सगळ्यात मोठ्यांदा हसत होते ते अप्पा.

घरी येताना वस्तीच्या तोंडाशी आल्यावर अप्पा थांबले, रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, "लई भेव वाटायचं गं. हेबी गेलं तर मंग मी काय, म्हनून." मी विचारलं, मग आज का सांगितलंत? "तू उन्हातान्हात चार दिसांत माहेरहून पळत येतीस. पोरीचं माहेर तोडून नाक ठिवायचं म्हंजे..." मी रस्त्यातच रडले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांनी मला स्वतः एसटीत बसवून महिनाभर भोकरला धाडलं.

माणसं यायची थांबतील असं आम्हांला वाटलं होतं. थांबली नाहीत. आता ती दोघांकडे यायची. मी हुंगायचे आणि अप्पा रान सांगायचे, नदीकाठचं की माळावरचं, पेरणी केव्हाची, मळणीला पाऊस लागला का. अप्पांना वास येत नाही हे माहीत असूनही लोक ते कान देऊन ऐकायचे, कारण ऐकायला बरं वाटायचं. पुढची पस्तीस-चाळीस वर्षं आमचं हे दुकान बिनपैशाचं चाललं. घर बांधलं तेव्हा अप्पांना रस्त्याकडची खोली दिली, आल्यागेल्याला सोपं म्हणून.

गेल्या आठवड्यात ह्यांनी त्या खोलीला रंग द्यायला काढला. घरात दुःख झाल्यावर रंग देतात म्हणून. रंगारी तरुण पोरगा, भोकरचाच निघाला, म्हणून मला मावशी म्हणायला लागला. दुपारी हाक मारायला आला, "मावशी, एक हात दिला, दुसरा दिला, पर तेवढी जागा रंगच धरत न्हाई बगा." खाटेच्या उशाला, भिंतीवर, बसलेल्या माणसाचं डोकं टेकतं तिथे ताटलीएवढा पिवळसर गोल उमटला होता. इतकी वर्षं रोज सकाळी डोक्याला करडईचं तेल चोळून अप्पा तिथे टेकून बसले होते. घरातल्या सगळ्यांनी खोली धुतली होती, फिनाईल मारलं होतं, कुणाला काही जाणवलं नव्हतं. मी जवळ गेले. ओल्या रंगाला नाक लागू नये एवढं अंतर ठेवलं आणि डोळे मिटले. रंगाखालून, फिनाईलखालून तो वास वर येत होता... करडईचा, उन्हात तापलेल्या पंच्याचा, विभूतीचा. पोरगा शेजारी लोखंडी पट्टी घेऊन उभा होता. "कायतरी तेलकट हाय मावशी. गिलावा खरवडून काढू का?"

"नको," मी म्हटलं. "तेल चांगलं आहे. आजूबाजूनं रंगव."